प्रसंगाशिवाय मत नाही

“पुन्हा सांगा, शालनताई. सुरुवातीपासनं सांगा, आणि सावकाश,” आण्णा मोकाशी म्हणाले, आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून खाली ठेवला.

आण्णांनी चष्मा काढला की समोरच्याचं काही खरं नसायचं, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या कापड दुकानावरच्या लांबट खोलीत सतरंजीवर वीस-पंचवीस पुरुष मांडी घालून बसले होते. त्यांच्यात बाई मी एकटीच, आणि त्या क्षणी उभीही मी एकटीच.

“प्रसंग एकदा सांगितला तेवढा पुरे नाही का?” मी विचारलं.

“मला पुरे आहे. पण सभेतलं कुणीच ‘बघितला’ म्हणेना. मग मी काय करू?”

गोष्ट इस्लामपूरची आहे आणि जुनी आहे, गावात घरांवर टीव्हीच्या काड्या नुकत्या कुठे दिसायला लागल्या होत्या तेव्हाची. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पगार स्वतःचा, लग्न झालेलं नाही आणि तोंड जरा जास्तच चालणारं. तेव्हा माझ्याबद्दल गावात जे बोलायचे ते बोलायचेच. सिनेमाचं वेड मात्र मला कोणी लावलं नाही, ते अंगचंच होतं.

आण्णांनाही ते होतं. मुंबईत सिनेमाला बक्षिसं देणारे पुष्कळ होते, पण आण्णांचं म्हणणं असं, की ते लोक फुकटच्या पासावर बघतात आणि आपण तिकीट काढून बघतो, तर निकाल आपण का लावू नये? म्हणून त्यांनी ‘रसिक प्रेक्षक मंडळ’ काढलं. वर्षातून एकदा रविवारी दुपारी सभा भरायची. उत्तम नट, उत्तम नटी, उत्तम दुय्यम भूमिका, असं एकेक घ्यायचं, मतं मोजायची आणि निवडून येणाऱ्याला नाव कोरलेला तांब्याचा तांब्या पार्सलनं मुंबईला धाडायचा. ‘तांब्या घेऊन कुठं निघालात आण्णा?’ अशी गावभर चेष्टा व्हायची. आण्णा हसायचे नाहीत. एका मोठ्या नटानं आभाराचं कार्ड धाडलं होतं, ते त्यांनी काच लावून दुकानात गणपतीच्या शेजारी टांगलं होतं.

मंडळाचा नियम एकच, पण कडक. प्रसंगाशिवाय मत नाही. नुसतं नाव घ्यायचं नाही. उभं राहून त्या नटाचा त्या वर्षीच्या सिनेमातला एक प्रसंग सांगायचा, आणि सभेत हजर असलेल्या कुणीतरी ‘बघितला’ म्हणायचं, की मत धरलं. आण्णा तीनदा विचारायचे. तीनदा विचारूनही कुणी ‘बघितला’ म्हणालं नाही, तर प्रसंग खोटा, मत बाद आणि माणूसही मंडळातून बाद. नगरपालिकेतल्या एका कारकुनाचं असं झालं होतं. त्यानं पेपरातलं परीक्षण वाचून प्रसंग ठोकून दिला होता. तेव्हापासून गाव त्याला ‘ऐकीव’ म्हणायचं. बिचारा बदली मागून गेला.

मला ती भीती वेगळ्या कारणानं होती. एक्स्चेंजमध्ये सगळ्या गावाचं बोलणं माझ्या कानावरून जायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं दुखणं लपवलंय, सगळं. तिथं बसणाऱ्या बाईचा शब्द खोटा निघाला, ती नसलेलं रचून सांगते असं एकदा गावात झालं, तर साहेबांकडे अर्ज जायला वेळ लागला नसता. नोकरी राहिली असती तरी कुणी माझ्या तोंडासमोर उभं राहिलं नसतं. सभासद व्हायला मी दोन वर्षं आण्णांच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, ते तर वेगळंच.

तर मी पुन्हा सुरुवात केली.

“सिनेमा ‘दोन दारांचं घर’. दुय्यम भूमिका, राधाबाई कडोलीकर. त्या घरातली विधवा आत्या. भावाच्या घरी राहते, सगळ्यांना वाढते, आणि सगळे उठल्यावर चुलीशी बसून खाते. सिनेमाभर तेच चाललंय. तर शेवटाकडे एकदा पुरुषांची पंगत बसलीये. आत्या सगळ्यांना वाढते. मग भिंतीशी टेकवलेला एक पाट काढते आणि भावाच्या शेजारी मांडते. सगळ्यांना वाटतं, कुणी पाहुणा यायचाय. ती ताट आणते, स्वतःच भाकरी-कालवण वाढून घेते, आणि बसते. त्या पाटावर. पुरुषांच्या पंगतीत. भावाचा घास हातातच राहतो. ती पहिला घास घेते, आणि...”

“थांबा थांबा,” साळुंखे मास्तर म्हणाले. पहिल्या वेळीही त्यांनी मला इथंच तोडलं होतं. “अहो, त्या आत्याला सबंध सिनेमात चार वाक्यं आहेत. वाढते आणि आत जाते. पाटावर कधी बसली ती?”

मास्तर हायस्कूलला मराठी शिकवायचे. मला सभासद करून घ्यायला त्यांचाच विरोध होता. बाईमाणूस चारचौघांत उभं राहून प्रसंग सांगणार, हे त्यांना पटत नव्हतं.

“बसली. मी बघितलीय,” मी म्हणाले.

“आणि आम्ही काय झोपलो होतो? मंडळ सगळं मिळून गेलं होतं की, रविवारी सहाच्या खेळाला. बाल्कनीच्या दोन रांगा भरल्या होत्या. एवढ्या माणसांचे डोळे एकदम चुकले, आणि तुमचे तेवढे बरोबर?”

खोलीत हसू पसरलं. मंडळाची ती रीतच होती. नवा सिनेमा लागला की पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं, येताना चौकात उभं राहून त्यावर वाद घालायचा. मी बाई, संध्याकाळच्या खेळाला पुरुषांबरोबर कुठली जाणार? मी आदल्या दिवशीच, शनिवारी दुपारच्या लेडीज शोला गेले होते.

मी तसं सांगितलं.

“लेडीज शोला निराळा सिनेमा लावतात का?” मागून कुणीतरी विचारलं. पुन्हा हशा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या रविवारपासून गावात उरूस सुरू झाला होता.

खोलीत भिंतीला टेकून तात्या मगदूम बसले होते. पद्मजा टॉकीज त्यांनी चालवायला घेतली होती. मंडळाला बाल्कनी राखून ठेवायचे, म्हणून त्यांना मान होता.

“तात्या,” मी म्हणाले, “उरुसात तुम्ही दिवसाला पाच खेळ लावले होते ना?”

“लावले. बक्कळ गर्दी हुती. का?”

“एरवी चार असतात. चाराच्या वेळेत पाच कसे बसवले?”

“लवकर चालू केलं, उशिरा बंद केलं. टॉकीज कशी चालवायची ते आता एक्स्चेंजकडनं शिकायचं व्हय?”

“मी एवढंच विचारतेय, की शनिवारी जेवढा सिनेमा होता तेवढाच रविवारी होता का?”

मगदूमांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. “पेटी मुंबईहून आली तशी लावली आणि तशीच माघारी धाडली. आपण रिळाला हात लावत न्हाई. त्यो गुन्हा हाय, ताई. असं चारचौघांत कुणावर बोलायचं म्हंजे तोंड सांभाळून बोलावं.”

मला कळलं, की पाचवा खेळ बसवायला यानं मधलं रीळ काढलंय. त्यालाही कळलं, की मला कळलंय. पण खोलीतल्या बाकीच्यांना एवढंच दिसलं, की एक बाई आपलं खोटं झाकायला भल्या माणसावर चिखल उडवतेय. सगळ्यांनी मिळून जो बघितला तोच सिनेमा, त्याच्या बाहेर काही असूच शकत नाही, असं त्या बाल्कनीतल्या दोन रांगांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

“आण्णा, विचारा,” मास्तर म्हणाले. “नियम तो नियम.”

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. ते दुष्ट नव्हते. पण नियमावर बोट ठेवून जगणारा माणूस होता. मापातलं इंचभर कापड त्यांनी कधी कुणाचं मारलं नाही आणि कुणाला जास्तही दिलं नाही.

“शालन कुंभोजकर यांनी सांगितलेला प्रसंग,” ते मोठ्यानं म्हणाले, “हजर असलेल्यांपैकी कुणी बघितला?”

कुणी बोललं नाही.

त्याच वेळी आतल्या दारातून चहाचा ट्रे घेऊन कांचन आली. कांचन आण्णांची धाकटी सून. सासू आधीच गेलेली, नवरा माल आणायला इचलकरंजीला गेलेला, त्यामुळे सभेचं चहापाणी तिच्या एकटीच्या अंगावर. पदर कपाळापर्यंत ओढलेला. पुरुषांच्या बैठकीत कप ठेवायचे आणि उलट पावली जायचं, एवढंच तिचं काम. खोलीत काहीतरी बिनसलंय हे बघून ती दारातच थांबली.

मी झटकन खाली सतरंजीकडे बघितलं.

कारण त्या शनिवारच्या लेडीज शोला कांचन माझ्या पुढच्या दुसऱ्या रांगेत बसली होती.

मध्यंतराला दिवे लागले तेव्हा तिनं मागं वळून बघितलं आणि आमची नजरानजर झाली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिनं हात जोडले नाहीत, काही खूण केली नाही, नुसती बघत राहिली, आणि मला समजलं. आण्णांच्या घरातल्या बायका सिनेमाला जात नसत. आण्णा स्वतः वर्षाला तांबे वाटायचे, पण घरातल्या बाईनं टॉकीजची पायरी चढलेली त्यांना खपायची नाही. थोरली सून एकदा न विचारता शेजारणीबरोबर सर्कस बघायला गेली, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तिला माहेरी पोचवून आले होते. ती दिवाळीनंतरच परत आली, आणि आल्यावर त्या जोडप्यानं कोल्हापूरला बिऱ्हाड केलं. कांचनच्या माहेरी तर बापही नव्हता. भावजयीच्या हाताखाली जाऊन राहायचं तिला.

“शालनताई,” मास्तर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज गोड झाला होता, “तुमच्यावर अन्याय व्हावा असं कुणालाच वाटत नाही. त्या खेळाला तुमच्याबरोबर कोण होतं?”

“एकटी गेले होते.”

“पण ओळखीचं कुणीतरी दिसलं असेलच की. गावातल्या सगळ्या बायका तुम्ही ओळखता. एक नाव सांगा. आण्णा निरोप धाडतील, आत्ता बोलावून विचारून घेऊ. गोष्ट मिटली.”

ट्रेमधल्या कपांचा आवाज झाला. अगदी बारीक. माझ्याशिवाय कुणाच्या कानावर गेला नसेल, पण माझे कान तर त्याच कामाचे.

“सांगा की,” मास्तर म्हणाले.

 माझ्या मनात सगळं भराभर फिरत होतं. नाव घेतलं की मी सुटले. नाव घ्यायचीही गरज नव्हती, नुसती मान वर करून दाराकडे बघितलं असतं तरी पुरे होतं.

“नाव सांगता येत न्हाई, म्हंजे नावच न्हाई,” मगदूम म्हणाले.

“नाव आहे,” मी म्हणाले. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा आला. “आहे, आणि सांगणार नाही.”

“का नाही?” हे आण्णांनी विचारलं.

“कारण ती ज्या घरातली आहे, त्या घरात बाईनं सिनेमाला जाणं हा गुन्हा आहे. मी नाव घेतलं तर माझं मत धराल, आणि तिचं वाटोळं होईल.”

आण्णांनी मान हलवली. “असतात तशी घरं,” ते म्हणाले, अगदी सहानुभूतीनं.

ते ऐकून मला हसू आलं की रडू, हे मला आजही सांगता येणार नाही. मी ओठ चावून धरले.

“पण ताई, नियमाला घर दिसत नाही,” आण्णा पुढं म्हणाले. “दुसऱ्यांदा विचारतो. हा प्रसंग हजर असलेल्यांपैकी कुणी बघितला?”

खाली दुकानाच्या दारासमोरून एक बैलगाडी गेली. ती जाईपर्यंत सगळे थांबले, जणू तीच उत्तर देणार होती.

 उद्या एक्स्चेंजमध्ये बसायचं. कुणीतरी ट्रंक कॉल मागणार आणि वर हसून म्हणणार, नीट जोडा हां बाई, मधलं काही रचू नका. मला राग मगदूमचा आला, मास्तरांचा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा कांचनचाही आला. तिनं आत निघून जावं, निदान माझ्यासमोर उभं तरी राहू नये.

“तिसऱ्यांदा आणि शेवटचं,” आण्णा म्हणाले. “हा प्रसंग...”

“बघितला.”

आवाज इतका हळू होता, की पुढच्या रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. आण्णा चष्म्याविना बसले होते. त्यांनी डोळे बारीक करून खोलीभर बघितलं.

“कोण बोललं?”

“मी, मामंजी.”

कांचननं ट्रे दाराशी जमिनीवर ठेवला होता. उभी राहून दोन्ही हातांनी पदराचं टोक धरलं होतं. पंचवीस माना तिच्याकडे वळल्या. आण्णांची मान सगळ्यांत शेवटी वळली.

“तू?”

“हो.”

“कुठं बघितलास?”

“पद्मजाला. उरुसाच्या आदल्या दिवशी, शनिवारी तीनच्या खेळाला.”

“त्या शनिवारी तू दत्ताच्या देवळात गेली होतीस.”

“आधी देवळात गेले होते,” कांचन म्हणाली.

कुणी हसलं नाही. साळुंखे मास्तर खाकरले. त्या घरातल्या भानगडीत आपण बसलोय, याची त्यांना लाज वाटली असावी. तरी त्यांनी मुद्दा सोडला नाही. “आण्णा, हे बरोबर नाही. सूनबाई मंडळाच्या सभासद नाहीत. त्यांचं ‘बघितला’ कसं चालेल?”

आण्णांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मला वाटलं, आता ते ‘आत जा’ म्हणतील. तसं म्हणाले असते तर सगळ्या सभेला सुटल्यासारखं झालं असतं.

“नियम मी केलाय, मास्तर,” ते म्हणाले. “हजर असलेल्यांपैकी कुणी, असा आहे. सभासद असा शब्द नाही त्यात. ती हजर आहे.”

“पण बाईबाईंचं संगनमत...”

“ते बघू.” आण्णा माझ्याकडे वळले. “शालनताई, तुम्ही ‘पहिला घास घेते आणि’ इथवर आला होता. पुढं काय होतं ते मास्तरांच्या कानात सांगा. मोठ्यानं नको.”

मी सतरंजीवरून माणसं ओलांडत गेले आणि वाकून मास्तरांच्या कानात ते वाक्य सांगितलं. बाईमाणसानं इतक्या जवळून काही सांगायची त्यांना सवय नसावी, ते आक्रसून बसले होते.

“आता तू सांग,” आण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. “आत्या घास घेते. पुढं?”

 एवढ्या पुरुषांसमोर कांचन आयुष्यात कधी एक वाक्य बोलली नव्हती.  मी मनातल्या मनात तिला ओढत होते.

“आत्या घास खाते,” ती म्हणाली, “सावकाश चावून खाते. आणि भावाकडं न बघता म्हणते, मीठ कमी पडलंय.”

आण्णांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, कान पुसला आणि मान खाली घातली.

“तेच,” ते म्हणाले. “अक्षर न् अक्षर तेच.”

“मत धरलं,” आण्णा म्हणाले.

कुणी टाळी वाजवली नाही. मगदूम तेवढे उठले. “टॉकीजवर जरा काम हाय,” असं भिंतीला सांगून ते जिना उतरले. त्यांच्या पावलांचा आवाज बंद होईपर्यंत आण्णा तसेच बसून होते. मग त्यांनी सगळ्यांना चहा घ्यायला सांगितलं. कांचन तोवर आत गेली होती. ट्रे दाराशीच होता, तो मास्तरांनी उचलला आणि स्वतः फिरवला.

मी आत स्वयंपाकघरात गेले. कांचन स्टोव्हपाशी पाठमोरी उभी होती. तिची पाठ थरथरत होती. मला वाटलं, रडतेय. जवळ जाऊन बघितलं तर ती रडत नव्हती, नुसती कापत होती, ताप भरल्यावर माणूस कापतं तशी.

“का बोललीस बाई?” मी म्हणाले. “मी तुझं नाव घेणार नव्हते. जीभ तोडली असती तरी घेतलं नसतं.”

“ते कळलं मला.”

“मग माझ्यासाठी कशाला एवढं ओढवून घेतलंस?”

ती वळली. पदर डोक्यावरून मागं सरकला होता, तो तिनं सावरला नाही.

“तुमच्यासाठी न्हाई बोलले, ताई,” ती म्हणाली. “राग मानू नका. तुमचं काय झालं असतं ते माझ्या ध्यानातसुद्धा न्हवतं.”

 मघापासून मी मनाशी किती मोठी झाले होते, ते सगळं एकदम खाली आलं.

“दुसऱ्या दिवशी मामंजी आणि हे सिनेमा बघून आले,” ती सांगू लागली. “जेवताना सगळा सिनेमा बोलले. मी वाढत होते. वाटलं, आता आत्याचं निघंल, मग निघंल. निघालंच न्हाई. ह्यांना रात्री हळूच विचारलं, त्यात कुणी बाई पंगतीला बसतीय का? तर म्हणाले, छे, असलं काय न्हाई, कुणी सांगितलं तुला? मग मी गप्प बसले. गल्लीतल्या कुणाला विचारायची सोय न्हाई. पुढं पुढं मलाच वाटाय लागलं, की ते सिनेमात न्हवतंच. मीच अंधारात बसून मनानं रचलं. माझ्याच डोक्यात काहीतरी वंगाळ हाय. आज आतनं ऐकलं, तुम्ही पाट मांडलासा, ताट आणलंसा, तेव्हा कळलं, खरंच हुतं. आणि हे सगळे म्हणत होते, न्हाई. तिसऱ्यांदा न्हाई म्हटलं असतं, तर पुन्हा गेलं असतं ते. मग मला कुठनं मिळालं असतं?”

 मी तिचा हात धरला. तो गार पडला होता.

“आता काय होईल?” मी विचारलं.

“काय होणार? सकाळची एस.टी.” ती म्हणाली. “वहिनीला बरंच हुईल, तिला कामाला माणूस पाहिजे.”

आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आण्णा दिसले.

त्यांच्या घरात हे कधी घडत नसावं, कारण कांचन दचकून भिंतीला लागली. चुलीशी, स्टोव्हशी येणारा तो माणूस नव्हता. पाणी हवं असलं तरी बाहेरून हाक मारायचे. ते उंबऱ्यावर उभे होते. मी कांचनच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. माझ्या मनात भाषण तयार होतं. आज लाज सोडायची आणि या म्हाताऱ्याला काय ते सुनवायचंच, असं मी ठरवलं होतं.

“कांचन,” आण्णा म्हणाले.

“जी.”

“तू मला खोटं सांगून गेलीस.”

“हो, मामंजी.”

बाहेर बशांचे आवाज येत होते, मास्तर कुणाला तरी साखर विचारत होते. आण्णांनी चष्मा घातला, पुन्हा काढला.

“मीठ कमी पडलंय म्हणते,” ते म्हणाले. “मग?”

आम्हा दोघींनाही कळेना.

“मग काय, मामंजी?”

“मग भाऊ काय करतो?”

कांचननं माझ्याकडे बघितलं. मी भाषण गिळलं आणि बाजूला झाले.

“उठतो का पानावरनं?” आण्णांनी विचारलं. “उठायला पाहिजे. सिनेमाभर दाखवलाय तसा माणूस असेल, तर उठेलच तो.”

“न्हाई उठत,” कांचन म्हणाली.  “उठणार असं वाटतं. हात झटकतो, पाटावरनं अर्धा वर होतो. सगळी पंगत थांबतीय. आत्या जेवतच असते. मग तो परत बसतो. मिठाची वाटी त्याच्या हाताशी असते, ती उचलतो आणि तिच्याकडं सरकवतो.”

“बोलत काही नाही?”

“न्हाई.”

“तिच्याकडे बघतो?”

कांचननं आठवलं. “बघत न्हाई. पण तिनं मीठ घेऊस्तवर स्वतः जेवत न्हाई. घास धरून बसतो.”

आण्णा उंबऱ्यावर खाली बसले. असे एकदम बसले, की मी पुढं झाले. पण त्यांना काही झालं नव्हतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होते. भावाचं काम करणाऱ्या नटाला त्यांनी त्याच सभेत थोड्या वेळापूर्वी ‘एकसुरी’ म्हणून मत नाकारलं होतं.

“पुन्हा सांग,” ते थोड्या वेळानं म्हणाले. “पाट मांडते तिथनं.”

कांचननं पुन्हा सांगितलं. आता तिचा हातही हलत होता, वाटी कशी सरकवतो ते तिनं ओट्यावरची वाटी सरकवून दाखवलं. आण्णांनी तिला मधे एकदाही तोडलं नाही. बाहेरून मास्तर सभा चालू करायची का विचारायला आले, तर आण्णांनी हात करून त्यांना थांबवलं. तेही दाराशी उभं राहून ऐकू लागले.

तिचं सांगून झालं.  मी आणि कांचन, दोघीही सकाळच्या एस.टी.ची वाट बघत होतो.

“आणि हे,” आण्णा शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा फुटला की मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, “हे त्या मगदूमनं मला बघू दिलं नाही.”